‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी

कोल्हापूरकरहो, पावसाळा तोंडावर आला आहे. त्याआधी घरातला, दुकानातला किंवा कारखान्याच्या ऑफिसातला एक रिकामा पेन ड्राइव्ह शोधा. ८ जीबीचा पुरतो, १६चा मिळाला तर उत्तम. संगणक सुरू करू शकेल अशी एक स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टीम त्यावर चढवून घ्या, आपल्या संगणकावर ती एकदा चालवून बघा आणि तो पेन ड्राइव्ह ड्रॉवरात जपून ठेवून द्या. आवाहन एवढंच आहे. का आणि कसं ते पुढे सांगतोच. पण एवढं वाचून जो उठेल आणि ड्रॉवर धुंडाळायला लागेल, त्याने बाकीचं उद्या वाचलं तरी चालेल.

विंडोज उघडेनाशी झाली की आपल्याकडे पुढचं सगळं ठरलेलं असतं. निळा पडदा येतो, पांढरे ठिपके गोल फिरत राहतात, ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ सुरू होतं आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. मालक दोन-चारदा बटण दाबून बंद-चालू करतो, मग सीपीयू स्कूटरवर पायांच्या मध्ये ठेवून राजारामपुरी नाहीतर शाहूपुरी गाठतो. दुकानातला पोरगा स्क्रीनकडे बघतो. “फॉरमॅट मारायला लागतंय. डेटा हाय का काय त्यात?” मालक घाईत असतो, गाडी रस्त्यात लावलेली असते. “काय विशेष न्हाई, मारा.” संध्याकाळी संगणक चकाचक होऊन घरी येतो, आणि रात्री जेवायला बसल्यावर लेक विचारते, “पप्पा, माझा प्रोजेक्ट डेस्कटॉपवर होता, तो कुठाय?”

‘डी ड्राइव्हला हात लावलेला नाही’ असं दुकानदार सांगतो, ते खरंच असतं. पण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे फोल्डर सी ड्राइव्हवर असतात. टॅलीप्राइमचा डेटासुद्धा, मुद्दाम जागा बदललेली नसेल तर, सी ड्राइव्हवरच ‘यूझर्स’मधल्या ‘पब्लिक’ फोल्डरात बसलेला असतो. अलीकडचे बरेच लॅपटॉप तर एकच सी ड्राइव्ह घेऊन येतात. तिथे ‘डी’ हा आसराच उरलेला नाही.

दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. फॉरमॅट मारून विंडोज पुन्हा चढवणं हे तास-दीड तासाचं, ठरलेल्या पैशांचं काम आहे. डिस्क तपासायची, फायली शोधून बाजूला काढायच्या, मग बिघाड कुठे ते बघायचं, यात अख्खी दुपार जाते आणि गिऱ्हाईक तर उभ्या उभ्या विचारत असतं, “कितीत हुईल?” म्हणून हे पहिलं काम आपणच घरी करून दुकानात जायला हवं. ते जमतं, आणि त्याला संगणकाची पदवी लागत नाही.

मुद्दा साधा आहे. विंडोज न उघडणं आणि डेटा जाणं या दोन वेगळ्या घटना आहेत. विंडोजची एखादी सिस्टीम फाइल बिघडली, अपडेट अर्धवट राहिलं, ऐन कामात लाइट गेली आणि यूपीएसच्या बॅटरीने साथ दिली नाही, तर विंडोज उभी राहत नाही. आपल्या फायली मात्र पुष्कळदा जागच्या जागी सुखरूप असतात. त्यांच्यापर्यंत जायचा नेहमीचा दरवाजा तेवढा अडकलेला असतो. पेन ड्राइव्हवरची सिस्टीम स्वतःच्या जोरावर संगणक सुरू करते. तिला ‘लाइव्ह’ सिस्टीम म्हणतात. ती संगणकाच्या रॅममध्ये चालते, आतल्या डिस्कवर आपण सांगितल्याशिवाय काही लिहीत नाही, आणि बंद करून पेन ड्राइव्ह काढला की मागे काही ठेवत नाही. ती चालू असताना आतली डिस्क एखाद्या जोडलेल्या हार्ड डिस्कसारखी समोर दिसते. फायली उचलायच्या, बाहेरच्या डिस्कवर ठेवायच्या. मग खुशाल दुकानात जाऊन म्हणा, फॉरमॅट मारा.

ही युक्ती नवी नाही. डॉसच्या काळात प्रत्येक शहाण्या ऑपरेटरच्या खिशात एक बूटेबल फ्लॉपी असायची आणि तिची लिहिण्याची खिटी बंद केलेली असायची. कारण त्या वेळचे कितीतरी व्हायरस डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्यात, बूट सेक्टरमध्ये, ठाण मांडायचे. संगणक त्याच डिस्कवरून सुरू केला की आधी व्हायरस जागा व्हायचा आणि मग बाकीचं. म्हणून नियम असा होता की आधी स्वच्छ फ्लॉपीवरून संगणक सुरू करायचा, नंतर डिस्क तपासायची. १९९२ साली ज्याने जगभर घबराट उडवली तो मायकेलअँजेलो व्हायरस याच जातीचा. ६ मार्चला संगणक चालू केला की तो डिस्कवरचा मजकूर उधळून लावायचा.

या कहाणीत आपल्याच भागातली माणसं आहेत. कोल्हापूरहून रेल्वेने पुण्याला जाताना सातारा जिल्ह्यातलं रहिमतपूर लागतं. कैलास काटकर हे मूळचे तिथले. दहावीनंतर ते पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले आणि पुढे त्यांनी स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होते. दुकानात येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडायला लागले, तेव्हा संजय यांनी ते काढणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यात हा मायकेलअँजेलोही होता. त्यातूनच क्विक हील उभी राहिली. तुमच्यापैकी अनेकांच्या संगणकात तो अँटिव्हायरस आजही असेल. त्याच्या मेनूत ‘इमर्जन्सी डिस्क’ बनवण्याची सोय असते, हे किती जणांनी पाहिलंय? त्या जुन्या स्वच्छ फ्लॉपीचीच ती नात. विंडोज उघडत नसतानाही ती डिस्क संगणक सुरू करून आतली घाण तपासते. पैसे भरून घेतलेली वस्तू आपण वर्षानुवर्षं उघडूनही बघत नाही, हे अगदी आपल्यासारखंच झालं.

“हल्लीच्या विंडोजमध्ये दुरुस्तीची सोय आतच असते, मग हा उपद्व्याप कशाला?” असं कुणी म्हणेल. सोय असते, हे खरं. पण ती राहते त्याच डिस्कवर, आणि डिस्कच गेली तर तीही गेली. शिवाय तिलाही आजार होतात. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज ११चं एक अपडेट आलं आणि त्यानंतर दुरुस्तीच्या त्या आतल्या पडद्यावर यूएसबीचे कीबोर्ड-माउस चालेनासे झाले. म्हणजे दुरुस्तीचे पर्याय समोर दिसतायत आणि एकावरही क्लिक करता येत नाही. मायक्रोसॉफ्टने २० ऑक्टोबरला तातडीने दुसरं अपडेट सोडून ते सावरलं. मधल्या सहा दिवसांत ज्याचा संगणक अडकला असेल, त्याला बाहेरून सुरू होणारा पेन ड्राइव्ह हा मोठा आधार होता. योगायोग असा, की विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला तो दिवसही १४ ऑक्टोबर २०२५ हाच. आपल्या जिल्ह्यात विंडोज १०वर चालणारी यंत्रं किती आहेत, हे कुठल्याही ऑफिसात डोकावलं तरी कळेल.

त्याआधी १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट जगभर गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. इलाज काय होता? एका फोल्डरातली एक फाइल पुसायची. पण विंडोज उघडल्याशिवाय ती पुसणार कशी? एकेका यंत्रापाशी माणूस जाऊन ते काम करावं लागलं. आणि एक-दोन दिवसांतच खुद्द मायक्रोसॉफ्टने त्यासाठी काय दिलं, तर पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून ती फाइल काढणारं साधन. एवढ्या मोठ्या कंपनीचं गाडं शेवटी पेन ड्राइव्हवरच येऊन थांबलं.

तिसरं उदाहरण आपल्याच राज्यातल्या न्हावा-शेवाचं. २७ जून २०१७ला नॉटपेट्या नावाची कीड युक्रेनमधून सुटली आणि मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा घेऊन बसली. न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही त्यात सापडलं. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितलं, की ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. त्यातली खरी गंमत घानातली आहे. कंपनीच्या जाळ्याचा नकाशा ठेवणारे सर्व्हर जगभर एकाच वेळी पुसले गेले. वाचला तो एक, घानातल्या ऑफिसातला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे लाइट गेलेली होती! ज्याचा संबंध तुटलेला होता तेवढाच तगला. म्हणून आपला पेन ड्राइव्ह संगणकाला कायम खोचून ठेवायचा नाही. ड्रॉवरात ठेवायचा.

आता कोल्हापूरबद्दल. २०१९च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ५५ फूट ओलांडले, २०२१च्या जुलैत ती ५६ फुटांपर्यंत गेली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, व्हीनस कॉर्नर आणि शाहूपुरीच्या सखल भागात पाणी शिरलं. म्हणजे ज्या भागातली दुकानं आपण दुरुस्तीसाठी गाठतो, तोच भाग पाण्यात. अशा दिवसांत संगणक अडला तर उघडं दुकान मिळेल, पुण्याहून कुरिअरने भाग येईल, या आशेवर बसता येत नाही. घरात आहे त्यावरच भागवायचं असतं. पंचनाम्याचा अर्ज, विम्याचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट, नातेवाइकांना पाठवायचे कागद, हे सगळं नेमकं त्याच दिवसांत लागतं. लाइव्ह पेन ड्राइव्हवर फायरफॉक्स असतो, वाय-फाय जोडता येतं, मराठी वाचता-लिहिता येतं आणि लिब्रेऑफिसमध्ये पत्रही टाइप होतं. आतली डिस्क पूर्ण मेलेली असली तरीही.

यात एक सावधगिरी. पुराच्या पाण्यात बुडालेला सीपीयू ‘बघू तरी चालतो का’ म्हणून चालू करू नका. पाणी शिरलेली हार्ड डिस्क घरी फिरवू नका, तांदळात किंवा उन्हात वाळवून लगेच जोडू नका. ते काम डेटा काढून देणाऱ्या जाणकाराचं. पाणी येणार असं दिसू लागलं की केबल काढून सीपीयू माळ्यावर न्या आणि पेन ड्राइव्ह आधार कार्डाच्या पिशवीत टाका.

पुराशिवायही आपल्या अडचणी आहेत. उद्यमनगरात, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींत अशी कितीतरी यंत्रं आहेत ज्यांच्या शेजारचा संगणक विंडोज एक्सपी नाहीतर विंडोज ७वर चालतो, कारण यंत्राचं सॉफ्टवेअर नव्यावर चालतच नाही. वजनकाट्यावरचा संगणक तसाच. छापखान्यांत आणि डीटीपीवाल्यांकडे पेजमेकर, श्रीलिपी आणि तिचा डोंगल, यांच्यासाठी जपून ठेवलेलं एक म्हातारं यंत्र असतंच. लग्नपत्रिकेपासून पतसंस्थेच्या अहवालापर्यंत वीस वर्षांचं काम त्यात. या लोकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: तुमच्यासाठी नुसत्या फायली काढून ठेवणं पुरेसं नाही. ते अख्खं यंत्र जसंच्या तसं पुन्हा उभं करता आलं पाहिजे, कारण त्या सॉफ्टवेअरची सीडी आज सापडणार नाही आणि ज्याने ते बसवलं तो माणूस आता फोन उचलत नाही. क्लोनझिला नावाची मोफत लाइव्ह सिस्टीम आहे. पेन ड्राइव्हवरून ती सुरू केली की संपूर्ण डिस्कची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवता येते आणि वेळ आली की नव्या डिस्कवर परत चढवता येते. तिचा पडदा रुक्ष आहे, नवख्याला भीती वाटते, आणि मूळ डिस्क कुठली व प्रत कुठली यात उलटापालट झाली तर सत्यानाश. म्हणून पहिल्यांदा जाणकाराला शेजारी बसवा. पण करा. चालू यंत्राची प्रत एका सुट्टीच्या दिवशी निघते. बंद पडलेल्या यंत्रासाठी फौंड्रीतलं काम किती दिवस थांबेल, ते तुम्हालाच ठाऊक.

हिशेबवाल्यांसाठी महिन्याची २० तारीख. जीएसटीचं रिटर्न भरायच्या दिवशी संगणक अडला की काय होतं, हे महाद्वार रोडच्या दुकानदारालाही माहीत आहे आणि त्याच्या सीएलाही. एकट्या मालकाचा धंदा असेल तर ओटीपीवर रिटर्न भरता येतं आणि लाइव्ह सिस्टीमचा ब्राउझर त्याला पुरतो. डिजिटल सहीचं टोकन मात्र त्यात लावलं की लगेच चालेल, अशी आशा ठेवू नका. त्यासाठी दुसरा विंडोजवाला संगणक गाठावा लागेल. टॅलीही त्यात उघडणार नाही. पण टॅलीचा डेटा फोल्डर उचलून दुसऱ्या संगणकावर नेता येईल, आणि त्या दिवशी तेवढंच हवं असतं.

बनवायचा कसा, तर असा. लिनक्स मिंट ही अशीच एक लाइव्ह चालणारी सिस्टीम. तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून तिची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी सिस्टीम एकत्र बांधलेली फाइल, उतरवून घ्या. साधारण ३ जीबीची आहे, मोफत आहे. विंडोजमध्ये रूफस नावाचा छोटा प्रोग्रॅम मिळतो, तोही मोफत. पेन ड्राइव्ह लावायचा, रूफसमध्ये तो निवडायचा, आयएसओ निवडायची, ‘स्टार्ट’ दाबायचं. इथे जिवाचा कान करून ऐका: पेन ड्राइव्हवर आधी जे असेल ते सगळं पुसलं जातं. म्हणून रूफसमध्ये नाव आणि आकार दोनदा वाचा आणि दुसरा कुठलाही ड्राइव्ह त्या वेळी लावून ठेवू नका. ‘बूटेबल करून देतो’ म्हणणाऱ्या कुठल्यातरी ग्रुपवरून आलेली फाइल वापरू नका. आपल्या संगणकाच्या किल्ल्या आपण अनोळखी माणसाच्या हाती देत नाही. पेन ड्राइव्हही चांगल्या कंपनीचा, बिलासकट घ्या. फुटपाथवर स्वस्तात मिळणारे ‘५१२ जीबी’ बहुतेकदा थापाडे असतात.

मिंटच का? सी-डॅकची बॉस लिनक्स आपली आहे, भारतीय भाषा सांभाळते, तिच्याबद्दल मला आपुलकी आहे. पण अडचणीच्या वेळी समोरचा लॅपटॉप कुठल्या कंपनीचा, त्याचं वाय-फाय कसलं, हे आपल्याला माहीत नसतं, आणि तिथे मिंट किंवा तिच्यासारखीच उबुंटू जास्त भरवशाच्या वाटतात. विंडोजला सरावलेल्या माणसाला मिंटचा पडदा परकाही वाटत नाही. फारच जुनं, कमी रॅमचं यंत्र असेल तर पपी लिनक्स बघा. जमलं तर दुसऱ्या पेन ड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरच्या साधनाने विंडोजचा सेटअपही करून ठेवा. स्टार्टअप दुरुस्त करायला तो लागतो, आणि वेळ आली तर पुन्हा विंडोज चढवायलाही.

आता चालवून बघणं. हा भाग कुणी टाळू नये, कारण ऐन वेळी अडतं ते इथेच. संगणक बंद करा, पेन ड्राइव्ह लावा, चालू करताक्षणी बूट मेनूची कळ पुन्हा पुन्हा दाबा. डेल आणि लेनोव्होवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९ किंवा आधी एस्केप, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप, एसरवर एफ१२, पण ती बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, कधी कधी बंद करून ठेवलेली असते. जोडून घेतलेल्या डेस्कटॉपवर मदरबोर्डप्रमाणे बदलते: गिगाबाइटला एफ१२, एमएसआयला एफ११, आसुसला एफ८. तुमच्या यंत्राला कुठली लागली ती चिकटपट्टीवर लिहून पेन ड्राइव्हलाच चिकटवा. मेनूत पेन ड्राइव्हचं नाव निवडलं की थोड्या वेळात मिंटचा डेस्कटॉप उघडेल. तिथे ‘इन्स्टॉल’ असं एक चिन्ह दिसेल. त्याला हात लावायचा नाही! ते आतल्या डिस्कवर मिंट चढवायचं बटण आहे. आपल्याला फक्त पाहुणा म्हणून यायचंय.

फायलींची खिडकी उघडा, डावीकडे आतली डिस्क तिच्या आकारावरून ओळखा, ‘यूझर्स’मध्ये आपल्या नावाचा फोल्डर बघा. दिसला? मग काम झालं. विंडोज नीट बंद झालेली नसेल तर मिंट कधी कधी ती डिस्क फक्त वाचू देते, लिहू देत नाही. घाबरू नका, कॉपी करायला वाचता येणं पुरतं. ‘डिस्क्स’ नावाच्या साधनात डिस्कच्या तब्येतीचा अहवालही बघता येतो. तो वाईट असेल किंवा डिस्कमधून कट्‌कट्‌ आवाज येत असेल, तर पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका. सगळ्यात महत्त्वाचं आधी उचला आणि थांबा.

या चाचणीचा आणखी एक फायदा, जो खिशाशी संबंधित आहे. पेन ड्राइव्हवरून संगणक तासभर व्यवस्थित चालला, तर मदरबोर्ड आणि रॅम बहुधा ठीक आहेत. बिघाड विंडोजमध्ये किंवा डिस्कमध्ये आहे. तिथेही तो अडकत असेल तर बहुधा यंत्रातच काहीतरी गेलंय. एवढं सांगत दुकानात शिरणाऱ्या माणसाला “मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या” असं सहसा कुणी ऐकवत नाही.

आणि आता ती गोष्ट, जी आज रात्रीच करायला हवी. नव्या लॅपटॉपांत डिस्क कूटबद्ध केलेली असते, बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाने. विंडोज ११च्या २०२४च्या आवृत्तीपासून नव्या यंत्रांवर ते आपोआप चालू होतं आणि मालकाला पत्ताही नसतो. अशा डिस्कवर पेन ड्राइव्हवरून गेलात तर कुलूप दिसेल आणि ४८ आकड्यांची किल्ली मागेल. ती नसेल तर कोल्हापुरातला, पुण्यातला किंवा अमेरिकेतला कुणीही तुमच्या फायली काढून देऊ शकत नाही. क्राउडस्ट्राइकच्या वेळी अनेक कार्यालयांत हेच झालं: इलाज माहीत होता, पेन ड्राइव्ह होता, किल्ली सापडत नव्हती. काही यंत्रांवर बायोसमधलं ‘सिक्युअर बूट’ (प्रमाणपत्र नसलेली सिस्टीम सुरू होऊ न देणारी सोय) बदललं तरी विंडोज ही किल्ली मागते, म्हणून ती हाताशी आल्याशिवाय तिथे बोटं घालू नका. किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. खात्यात जा, ती बघा, कागदावर लिहा आणि तो कागद पेन ड्राइव्हपासून वेगळा, सातबाऱ्याच्या फायलीत ठेवा. खातं मुलाच्या किंवा दुकानदाराच्या ईमेलवर काढलेलं असेल, तर आत्ताच विचारा. पुढच्या वर्षी तो पोरगा बंगळुरात असेल.

याची दुसरी बाजूही बोलून टाकतो. कूटबद्ध नसलेला कुठलाही लॅपटॉप अशा पेन ड्राइव्हने कुणीही उघडून वाचू शकतो. विंडोजचा पासवर्ड त्याला अडवत नाही. म्हणून लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्यांनी कूटबद्धता बंद करायची नाही, किल्ली सांभाळायची. आणि दुसऱ्याच्या संगणकावर हा पेन ड्राइव्ह चालवायचा तो मालक शेजारी बसलेला असतानाच.

हा पेन ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे. फायली डिस्कवरून कायमच्या गेल्या, एसएसडी अचानक मेली, खंडणी मागणाऱ्या व्हायरसने सगळं कुलूपबंद केलं, तर तो तुम्हाला फारसं काही परत देणार नाही. फायलींची वेगळी प्रत हवीच. त्यावर एक स्वतंत्र आवाहन लिहावं लागेल.

आता एक मागणं, व्यक्तींपेक्षा संस्थांकडे. आपल्या तालमी आणि मंडळं महापुरात काय करतात ते अख्ख्या जिल्ह्याने पाहिलंय: बोटीत उतरणं, जेवणाची पाकिटं पोचवणं, म्हाताऱ्या माणसांना खांद्यावर बाहेर काढणं. प्रत्येक तालमीत एक लाइव्ह पेन ड्राइव्ह आणि तो चालवता येणारी दोन पोरं-पोरी असायला काय हरकत आहे? गणपतीच्या वर्गणीची मीटिंग होईल त्याच संध्याकाळी एका लॅपटॉपवर दहा-बारा जणांचे पेन ड्राइव्ह बनवून होतात. शिवाजी पेठेने आधी केलं की मंगळवार पेठ मागे राहणार नाही, हे सांगायला नकोच. एमएस-सीआयटीचे वर्ग चालवणाऱ्यांनी शेवटच्या आठवड्यातला एक तास याला द्यावा; फॉन्ट ठळक करायला शिकवण्यापेक्षा तो जास्त कामाला येईल. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या गल्लीतल्या शाळेचे आणि करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयांचे संगणक तपासून त्यांना एकेक बनवून द्यावा. आणि दुकानदार मित्रांनो, नवा संगणक विकताना माउसपॅड फुकट देता, त्याऐवजी हा द्या. गिऱ्हाईक तुटणार नाही. डेटा वाचलेला माणूस पुढचा संगणक तुमच्याकडूनच घेतो.

एकदा बनवला की झालं, असं मात्र नाही. २००५ ते २०११ या काळात उबुंटूच्या सीडी परदेशातून फुकट टपालाने यायच्या. कॉलेजच्या कितीतरी पोरांनी मागवल्या होत्या आणि काहींच्या कपाटात त्या अजून असतील. आजच्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही, आणि असती तरी ती जुनी सिस्टीम आतली डिस्क ओळखणार नाही. शिवाय ‘सिक्युअर बूट’ची २०११ सालची प्रमाणपत्रं २०२६मध्ये मुदत संपून जुनी होत आहेत आणि त्यांच्या जागी २०२३ची येत आहेत. मुदत संपली म्हणून संगणक त्याच दिवशी सुरू व्हायचा थांबणार नाही; पण दोन-तीन वर्षांपूर्वी बनवलेला पेन ड्राइव्ह कुणाकडे असेल तर त्याने तो नव्या आयएसओने पुन्हा बनवावा, आणि विंडोज व बायोसची अपडेट्स अडवून ठेवू नयेत. दर वर्षी दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत, तो लावून बघा. बनवल्याची तारीख त्या चिकटपट्टीवरच लिहा. आणि कुणी गाडीत गाणी भरायला मागितला, तर देऊ नका.